नवतप्यातलं ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकात गेमचं चित्र रंगवणारा भाग. त्याचं कुठलंही नीट केलेलं परीक्षण उघडा. रंगीत पट्ट्यांचे तक्ते संपले, की तळाशी बारीक अक्षरात एक ओळ सापडते : चाचणीच्या वेळी खोलीचं तापमान २२ अंश. कधी २१, कधी २५. बहुतेक जण ती ओळ न वाचताच पुढे जातात. मी नागपूरला राहतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत. मे महिन्यात रात्री दहा वाजता माझ्या खोलीत ३८ अंश असतात, त्यामुळे मी परीक्षण त्या ओळीपासूनच वाचायला घेतो.

हिशेब अवघड नाही. कार्ड जेवढे वॅट खातं तेवढी उष्णता त्याला बाहेर टाकावी लागते. वॅट तेवढेच आणि पंख्याचा वेगही तेवढाच ठेवला, तर कार्ड भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहतं. २२ अंशांच्या खोलीत ७० वर स्थिरावणारं कार्ड म्हणजे हवेच्या ४८ अंश वर. तेच उचलून ४० अंशांच्या खोलीत ठेवलं की ८८. प्रत्यक्षात थोडं आणखी वर, कारण तापलेल्या सिलिकॉनमधून करंट जास्त गळतो आणि त्या गळतीचीही उष्णताच होते. मग पंखा बोंब मारायला लागतो, तोही कमी पडला की कार्ड आपणहून क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली आणतं, आणि परीक्षणात सेकंदाला जेवढे फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसले होते ते आपल्या नशिबी येत नाहीत.

बेंचमार्कचा, म्हणजे चाचणीत निघालेला, आकडा कार्डाचा, असं आपण धरून चालतो. माझ्या मते तो निम्मा खोलीचा असतो, आणि उरलेल्यातही मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस, कॅबिनेट, धूळ आणि भिंतीतली वायर आपापला वाटा मागतात. दहा-बारा हजारांच्या कार्डाला तर हे जास्तच लागू, कारण महागड्या कार्डाला उष्णता खेचणारा जाडजूड धातूचा हीटसिंक आणि तीन पंखे असतात, ते अशा गोष्टी पचवून टाकतं. स्वस्त कार्डाकडे पचवायला काही शिल्लक नसतं.

माझं कार्ड आहे आरएक्स ५८०, आठ जीबीवालं, जुनं घेतलेलं. एएमडीनं ते एप्रिल २०१७ मध्ये २२९ डॉलरला बाजारात आणलं. २३०४ शेडर (चित्राचं गणित करणारे बारीक घटक), २५६ बिटांची रुंद जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला २५६ जीबीचा पल्ला. मधल्या किंमतीतलं सरळमार्गी कार्ड. पण ते इथेरियम हे आभासी चलन खणायला, म्हणजे गणितं सोडवून कमवायला, फार सोयीचं निघालं, आणि मग ते गेम खेळणाऱ्यांच्या हाताला लागेना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं खाणकामाची ती पद्धतच बंद केली. त्यानंतर ही कार्डं रॅकच्या रॅक बाहेर आली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आमच्याकडे सीताबर्डीला, आणि जिथे दुकान नाही तिथे कुणाच्या तरी बाइकच्या डिकीत. माझं त्या डिकीतून आलं.

मायनिंगचं कार्ड म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला ती भीती थोडी उगाच वाटते. मायनर माणूस कार्डाला छळत नाही, त्याला विजेचं बिल भरायचं असतं. तो व्होल्टेज उतरवतो, क्लॉक उतरवतो आणि चोवीस तास एकाच तापमानावर चालवतो. झिजतो तो पंखा, कारण त्यात बेअरिंग असतं. वाळते ती थर्मल पेस्ट, चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी. मी हीटसिंक उघडला तेव्हा चिपवर पेस्ट म्हणून जे काही होतं ते नखानं खरवडल्यावर खडूच्या भुकटीसारखं खाली पडलं. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये धुळीचा एक अखंड थर होता, तो चिमट्यानं धरून ओढला तर एका तुकड्यात निघाला. दोन कामं, एक संध्याकाळ, पेस्टच्या ट्यूबचे पैसे. एवढ्यावर कार्ड त्याच खोलीत, त्याच चाचणीत बऱ्यापैकी थंड चालायला लागलं. यात ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं, कुठेच नाही, पण कार्डाच्या कामगिरीत यापेक्षा मोठा फरक मला पुढे कशानंही पडलेला दिसला नाही.

जुनं ५८० घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडायचं आणि शेडरचा आकडा वाचायचा. २३०४ आला तर खरं ५८०. २०४८ आला तर ते २०१८ च्या अखेरीस चीनच्या बाजारासाठी निघालेलं ‘५८० २०४८एसपी’, म्हणजे आतून आरएक्स ५७०. कार्ड वाईट नाही, पण त्याचे पैसे ५७० चे द्यावेत. विकणारा बऱ्याचदा शपथेवर सांगतो की हे ५८० च आहे, आणि स्टिकरपुरतं तो खरंच बोलत असतो.

माझ्या कार्डाचा आकडा बरोबर आला, पण क्लॉकच्या रकान्यात ११५० मेगाहर्ट्झ. कारखान्यातून ते १३४० ला निघतं. मायनरनं बायोस (कार्डाच्या आत साठवलेला मूळ प्रोग्राम) बदलून ठेवला होता : क्लॉक खाली, मेमरीची टायमिंग आवळलेली. काही कार्डांवर काठाला एक बारीक खटका असतो, दोन बायोसपैकी कुठला वापरायचा ते ठरवणारा. टूथपिकनं तो सरकवला आणि कारखान्याचा मूळ बायोस मिळाला. पण त्याआधी मायनरचे आकडे मी वहीत उतरवून घेतले. त्या अनोळखी माणसानं याच चिपवर कितीतरी महिने घालवले होते. ही चिप किती कमी व्होल्टेजवर तग धरते हे माझ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असणार.

आता ओव्हरक्लॉकिंग. या उद्योगाची मूळ गंमत अशी होती, की स्वस्तातल्या वस्तूतून महागातली वस्तू निघायची. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, १४९ डॉलरला. बसचा, म्हणजे प्रोसेसरकडे माहिती नेणाऱ्या मार्गाचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच ३०० चा प्रोसेसर ४५० ला धावायचा आणि सहाशे डॉलरच्या वर किंमत असलेल्या पेंटियम टू ४५० च्या पंक्तीला जाऊन बसायचा. पन्नास टक्के फुकटात! २००२-०३ मध्ये रेडिऑन ९५०० च्या काही कार्डांवर ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, करामतीनं चिपमधल्या बंद पाइपलाइन उघडता यायच्या आणि ते कार्ड जवळपास वरच्या दर्जाचं ९७०० होऊन जायचं. आरएक्स ४८० च्या सुरुवातीच्या काही चार जीबीच्या कार्डांवर तर प्रत्यक्षात आठ जीबी मेमरी बसवलेली होती, बायोस बदलला की ती दिसायला लागायची.

ते दिवस सरले. चिपमध्ये शिल्लक राहिलेलं दाणापाणी आता कारखानाच खाऊन टाकतो. एनव्हिडियानं २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणलं, तेव्हापासून कार्ड आपणच आपल्याला जमेल तेवढं ओव्हरक्लॉक करतं. आणि ५८० ची कुंडली बघितली तर ते जन्मानंच ओव्हरक्लॉक केलेलं आहे. जून २०१६ मध्ये आलेलं आरएक्स ४८० हे त्याचं आधीचं रूप. जवळपास तीच चिप, बूस्ट क्लॉक १२६६, वीज १५० वॅट. दहा महिन्यांनी ५८० म्हणून आलं तेव्हा क्लॉक १३४० आणि वीज १८५ वॅट. म्हणजे वेग सहा टक्के वाढला आणि वीज तेवीस टक्के. त्याच चिपचं थोडं सुधारलेलं भावंड आरएक्स ५९० म्हणून २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, ते १५४५ वर. प्रत्येक पायरीला शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी मोजलेली किंमत चढत गेली.

हे सगळं माहीत असूनही मी आधी वरच गेलो. सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकची पट्टी समोर असली की ती उजवीकडे ओढावीशी वाटते, त्याला इलाज नाही.

पद्धत सगळ्यांची एकच. पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाला किती वीज घेऊ द्यायची ती मर्यादा, पूर्ण वाढवायची, पंखा हातानं एका वेगावर बांधायचा, क्लॉक दहा-वीस मेगाहर्ट्झनी चढवायचा, चाचणी चालवायची, टिकलं तर आणखी चढवायचा. आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवायला आफ्टरबर्नर, जे मुळात अलेक्सेई निकोलायचुक या रशियन प्रोग्रामरच्या रिव्हाट्यूनरमधून आलं. व्होल्टेजसाठी एएमडीचं स्वतःचं अॅड्रेनलिन. चाचणीला युनिजिनचं सुपरपोझिशन, ज्यात एका जुन्या प्राध्यापकी खोलीतल्या वस्तू हवेत तरंगत राहतात, आणि मग खरे गेम. फरमार्क नावाची चाचणी मी टाळतो. ते कार्डाला असं काही पिळतं, की कुठलाच गेम तसा पिळत नाही, त्यात पास-नापास झाल्याचा उपयोग नाही.

कोर क्लॉक जास्त झाला की कार्ड चर्चा करत नाही. स्क्रीन काळी होते, दोन क्षण आवाज एकाच सुरावर अडकतो, आणि विंडोज परत येऊन सांगतं की ड्रायव्हर पुन्हा सुरू केला आहे. माझ्या चिपला कारखान्याच्याच व्होल्टेजवर १४०० झेपलं. त्याच्या पलीकडे सुपरपोझिशन पूर्ण व्हायचं, पण जीटीए ५ हा गेम अर्ध्या तासानं कोसळायचा. १३४० चे १४०० म्हणजे साडेचार टक्के. साठ फ्रेम मिळत असतील तर फार तर अडीच-पावणेतीन फ्रेम वाढणार, तेही गेम पूर्णपणे कार्डावरच अडलेला असेल तर.

मेमरीचं प्रकरण वेगळं आणि जास्त लबाड. २००० मेगाहर्ट्झवरून २१०० केलं, गुण वाढले. २१५० ला आणखी वाढले. २२०० ला स्क्रीन स्वच्छ, कुठे ठिपके नाहीत, चौकटी नाहीत, काही कोसळलं नाही, आणि गुण मात्र २१०० पेक्षा कमी! पहिल्यांदा असं होतं तेव्हा माणूस चाचणीलाच दोष देतो. कारण जीडीडीआर५ मध्येच आहे. चिप आणि मेमरी यांच्यातल्या तारांवरून जाणारी माहिती बिघडली का हे तपासायची सोय त्यात असते, आणि बिघडलेली सापडली की ती पुन्हा पाठवली जाते. वेग वाढवला म्हणून चुका वाढल्या, चुका वाढल्या म्हणून पुनरावृत्ती वाढली, आणि वाढवलेला वेग त्या पुनरावृत्तीतच खर्ची पडला. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये या चुकांचा मोजणारा रकाना असतो. २१०० ला तो शून्यावर बसून होता, २१५० ला अधूनमधून हलायचा, २२०० ला रिक्षाच्या मीटरचीही त्याच्यापुढे मात्रा चालली नसती. तो रकाना न बघता नुसतं ‘माझी मेमरी २२०० ला स्टेबल आहे’ म्हणणारे बरेच भेटतात. ठिपके दिसेपर्यंत ते थांबतात. ठिपके म्हणजे फार पुढची गोष्ट.

ते ठिपकेही एकदा मुद्दाम बघितले. मेमरी आणखी वर नेली तेव्हा, गेममधल्या रात्रीच्या रस्त्यावर हिरवे बारीक ठिपके उमटले, जागच्या जागी लुकलुकणारे, गाडी पुढे गेली तरी ते स्क्रीनवर तिथेच. मग दुकानांच्या पाट्यांवर चौकटी पसरल्या. मग काळोख.

तर, पट्टी उजवीकडे नेऊन हाती काय लागलं हे मोजायचं कसं? सरासरी फ्रेम सांगणं सोपं आहे आणि म्हणूनच फसवं. सेकंदाला साठ फ्रेम (६० एफपीएस) म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. एखाद्या सेकंदात पन्नासाहून जास्त फ्रेम पटापट आले आणि एक फ्रेम शंभर मिलिसेकंद रखडला, तरी सरासरी छान दिसते. डोळ्याला मात्र तो एक झटका तेवढा लक्षात राहतो. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसननं फ्रेम मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजायला सुरुवात केली, आणि परीक्षणांची भाषाच बदलली. आज सगळे ‘एक टक्का लो’, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमांचा वेग, सांगतात, ते त्या वाटेनं आलेलं आहे. माझ्या वहीत सरासरीचा रकाना डावीकडे आहे, पण मी उजवीकडचाच वाचतो.

आणि पहिली फेरी वहीत लिहायची नाही. थंड कार्डावर दोन मिनिटांची चाचणी म्हणजे जत्रेतली कुस्ती, आमच्याकडे खरा आकडा वीस मिनिटांनंतर दिसतो, हीटसिंक, कॅबिनेटचा पत्रा आणि खोली सगळं तापून झाल्यावर. कॅबिनेटचं झाकणही बंद हवं. झाकण उघडं ठेवून, समोर टेबलफॅन लावून काढलेले गुण फोटोपुरते ठीक.

जीटीए ५ चा स्वतःचा बेंचमार्क मला आवडतो, पण त्यातली रहदारी दर वेळी तंतोतंत तशीच नसते, त्यामुळे एका फेरीवर विसंबता येत नाही. व्हॅलोरंट या गेमनं तर माझ्या सगळ्या खटपटीला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. क्लॉक चढवा, उतरवा, फ्रेम तेवढेच. तिथे अडतो तो प्रोसेसर, कार्ड अर्धं रिकामं बसून असतं. जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर बरेच जण कार्ड ओव्हरक्लॉक करून ‘काही फरकच पडत नाही’ म्हणतात, त्यांचं कार्ड बिचारं निर्दोष असतं.

शेवटी मी मायनरची वही उघडली, म्हणजे माझीच, त्याच्या आकड्यांची, आणि पट्टी डावीकडे न्यायला घेतली.

चिपची वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. सगळी गोम त्या वर्गात आहे. कारखाना व्होल्टेज जरा सढळ हातानं देतो, कमजोर चिपही चालली पाहिजे या हिशेबानं. माझं कार्ड १३४० ला १.१५ व्होल्ट मागायचं. ते तितक्याच वेगात ठेवून १.०५ वर आणलं, तर गणितानं चिपची वीज सतरा टक्के उतरते. माझ्या चिपला ते सहज झेपलं. आणखी थोडं खालीही गेलं असतं, पण उन्हाळ्यासाठी जरा हात राखून ठेवला. एक गोष्ट इथे नवख्यांना चकवते : अॅड्रेनलिनमध्ये ‘मेमरी व्होल्टेज’ नावाची जी पट्टी या पिढीच्या कार्डांना दिसते, ती खरं तर मेमरी चिपचं व्होल्टेज बदलतच नाही. ती कोरच्या व्होल्टेजची खालची मर्यादा ठरवते. कोर कितीही खाली ओढा, ती पट्टी वर असेल तर कोर तिच्या खाली उतरत नाही, आणि माणूस विचार करत बसतो की तापमान का हलत नाही.

आता वीज खरंच कमी झाली का? आफ्टरबर्नर दाखवतो तो वॅटचा आकडा या कार्डावर फक्त चिपचा आहे, मेमरी आणि बाकीची सर्किटं त्यात धरलेली नाहीत. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर माझ्याकडे नव्हतं. पण घराचं मीटर होतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला किती लुकलुक. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे एका लुकलुकीमागे ११२५ ज्यूल. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजले की भागाकारानं वॅट निघतात.

त्यासाठी घरातलं बाकी सगळं बंद हवं. फ्रीज, मोटार, पंखे, आणि तो मे महिना होता. मी वर गेमचा एकच प्रसंग लावून बसलो, बाबा खाली जिन्यात मीटरसमोर स्टॉपवॉच घेऊन, फोन चालू. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, आकडा मोजायचा म्हटला की त्यांना हुरूप येतो. आई दोन मजल्यांच्या मध्ये पदरानं वारा घेत उभी.

“काय करून राहिले तुम्ही बापलेक? दूध नासेल ना!”

“दहा लुकलुकी होऊ दे,” बाबा म्हणाले.

ओव्हरक्लॉकवर दहा लुकलुकींना ३६ सेकंद लागले. व्होल्टेज उतरवून पुन्हा तोच प्रसंग लावला, ४३ सेकंद. ज्यूल भागिले सेकंद : जवळपास ३१२ वॅट आणि २६२ वॅट, अख्ख्या मशीनचे. पन्नास वॅट गेले, आणि गेममध्ये सत्तरचे अडुसष्ट झाले होते. मी खूश होऊन खाली आलो तर बाबांचा हिशेब वेगळाच तयार. रोजचे तीन तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट वाचतात. “एवढ्यासाठी फ्रीज बंद केला? तू कॉलेजात असताना खोलीतला पंखा तसाच चालू टाकून जायचा, त्याचे आठ तास धर. अठरा युनिट.” ते बरोबर होतं, ७५ वॅटचा पंखा, मीही करून पाहिलं.

पण मला बिल वाचवायचं नव्हतंच. ते पन्नास वॅट माझ्याच खोलीत सांडत होते. दुपारभर तापलेला स्लॅब डोक्यावर असताना खोलीत पन्नास वॅट कमी पडणं म्हणजे काय, हे ज्यानं नवतपा अंगावर काढला आहे त्याला सांगायला नको. २५ मे पासून, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की ते नऊ दिवस सुरू होतात. त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी बाइकचं हँडल रुमालाशिवाय धरवत नाही आणि चाळिशी ओलांडलेल्या हवेत कार्डाला ‘थंड हवा’ म्हणून जे काही मिळतं ते हसण्यासारखं असतं. डिसेंबरात, पहाटे पारा दहाच्या आसपास असताना, १४०० ला न कुरकुरता चालणारं हेच कार्ड नवतप्यात त्याच आकड्याला पंखा पूर्ण वेगानं फिरवत, क्लॉक वरखाली करत, एक टक्का लो पार खाली नेत चालतं. व्होल्टेज उतरवलेलं १३४० मात्र संध्याकाळभर एका रेषेत राहतं. मे महिन्यात माझ्या खोलीत कागदावरचं हळू कार्ड प्रत्यक्षात वेगवान ठरतं. २२ अंशांच्या खोलीत बसून हे दिसणं शक्य नाही.

कूलर लावला की चित्र पालटतं. कोरड्या हवेत कूलर खोली आठ-दहा अंश खाली आणतो आणि कार्डही तितकंच खाली येतं, फुकटात. मात्र त्या दमट झोतात धूळ चिकट होते आणि हीटसिंकच्या पात्यांवर थर बसतो, ब्लोअरनं उडत नाही, ब्रश लागतो. झोताच्या समोर मशीन ठेवायचं नाही, वाळ्यातून थेंब उडतात. पाऊस सुरू झाला की कूलर निरुपयोगी. आपण घामानं निथळतो, पण कार्डाला आर्द्रता कळत नाही, त्याला फक्त तापमान कळतं. जुलैतल्या तीस अंशांच्या चिकचिकीत ते मेपेक्षा सुखात असतं. मुंबईचा मित्र उन्हाळ्याच्या तक्रारी करतो तेव्हा मी त्याच्या कार्डाची बाजू घेतो.

विजेचं दुखणंही याच काळातलं. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॅटचा असतो. ३१२ वॅटचं मशीन आणि वर मॉनिटर जोडला की तो काठावर येतो, आणि उन्हाळ्यात थकलेल्या बॅटरीसह वीज गेली की एक शिट्टी मारून सगळंच बंद. २६२ ला निदान गेम सेव्ह करायला वेळ मिळतो. एसएमपीएसचं सांगायचं तर, डब्यासोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर १८५ वॅटचं कार्ड ओव्हरक्लॉक करणाऱ्यानं एकदा मल्टिमीटर घेऊन पिवळी, म्हणजे बारा व्होल्टची, वायर तपासावी. लोडवर ती ११.४ व्होल्टच्या खाली जात असेल तर कार्ड कितीही भलं असो, मशीन कोसळणारच, आणि दोष चिपच्या माथी जाईल. एसएमपीएसकडून येणारा आठ पिनांचा कनेक्टर कार्डाला १५० वॅट देतो, मदरबोर्डवरचा स्लॉट ७५. हे ७५ किती नाजूक असतात ते २०१६ च्या जुलैत सगळ्यांनी पाहिलं, आरएक्स ४८० स्लॉटमधून ठरलेल्यापेक्षा जास्त ओढतंय म्हणून एएमडीला लगोलग ड्रायव्हर बदलून द्यावा लागला.

मग ओव्हरक्लॉकिंगला काहीच अर्थ नाही का? आहे, एका ठिकाणी मला तो लख्ख सापडला. माझा स्वस्तातला मॉनिटर फ्रीसिंकचा आहे, ४८ ते ७५ हर्ट्झच्या पट्ट्यात. फ्रेम त्या पट्ट्यात असले की मॉनिटर कार्डाच्या तालावर चालतो, चित्र लोण्यासारखं सरकतं. ४८ च्या खाली गेले की साथ सुटते आणि चित्र फाटायला लागतं. जड गेममध्ये माझं कार्ड नेमकं ४६-४७ ला घुटमळायचं. तिथे दोन फ्रेमची किंमत वेगळीच आहे. मेमरी २१०० वर, कोर जरासा वर, सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली, आणि आकडा ४९-५० ला बसला. ७० चे ७२ करण्यात घालवलेल्या रात्री आणि ४७ चे ४९ करण्यात घालवलेली रात्र, वहीत दोन्हींपुढे तोच ‘+२’ लिहिलेला आहे.

उलट हलक्या गेममध्ये मी साठवर लगाम घालून ठेवतो. कार्ड मग निम्म्या विजेवर रमतगमत चालतं, पंखा ऐकू येत नाही, आणि मे महिन्यातही आई खोलीत येऊन बसते.

अॅड्रेनलिनमध्ये सेटिंग फाइल म्हणून जपून ठेवता येतात. माझ्याकडे दोन आहेत, ‘डिसेंबर’ आणि ‘मे’. एएमडीनं २०२३ च्या अखेरीपासून या पिढीच्या ड्रायव्हरकडे पाठ फिरवायला घेतली, नव्या काही गेमांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचं गणित करणारं) हार्डवेअर नसेल तर उघडायचंच नसतं, तेव्हा या फाइलींचं आयुष्य किती ते दिसतंच आहे. तरी मागच्या आठवड्यात धाकट्या आतेभावाचा फोन आला. त्याला कोणी तरी ५८० विकतोय, आठ हजार सांगतोय.

“दादा, किती एफपीएस देते रे हे?”

“शेडर किती दाखवते?”

“दोन हजार तीनशे चार.”

“एसएमपीएस कोणता? खोली वरच्या माळ्यावरची का खालची? आणि आता राहतोस कुठे तू?”

“जॉब लागला ना मला, चिखलदऱ्याले. रात्री स्वेटर घालतो मी इथं.”

“मग साडेसातला माग,” मी म्हटलं, “आणि घेऊन टाक.”